इथे हाक हरवते

"घोडा गं घोडा, वाट थोडी सोडा!"

बाबांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. सकाळचं ओलं गवत, पुढे बाबा, मागे लगामाला धरलेली करडी घोडी, आणि वळण जवळ आलं की बाबा मान वर करून ही हाक घालायचे. ते गाणं नव्हतं, आणि नुसती आरोळीही नव्हती. दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं. शेवटचा 'सोडा' ते असा लांबवत की तो आधी बांधावर चढायचा, मग काट्यांच्या कुंपणावरून पलीकडे उतरायचा. पलीकडून उत्तर यायचं, "ऐकली गं ऐकली, ये!" आणि करडीचे कान सैल व्हायचे.

आमची पाणंद म्हणजे दोन उंच बांधांमधली वाट. दोन्ही बांधांवर काटेरी झुडपं, इतकी दाट की चिमणीलाही वाकून आत शिरावं लागे. रुंदी म्हणाल तर एक घोडं आणि एक माणूस शेजारीशेजारी चालले तर गप्पा होतील, पण तिसरा आला की कुणाला तरी मागे व्हावं लागेल. मधोमध एक वळण, कोपरात दुमडलेल्या हातासारखं. वळणाखालून पाट जातो. पाटाला पाणी असलं की ते मोरीतून धबाधबा खाली पडतं, आणि तिथे उभं राहिलं की स्वतःचा खोकलाही परक्याचा वाटतो.

म्हणून पाणंदीची रीत होती. वळणाआधी हाक द्यायची, आणि हाकेवरूनच कळायला हवं की येतंय कोण. चालणाऱ्यानं म्हणायचं, "पायी गं पायी, मला नाही घाई!" घोडेवाल्याची हाक तुम्ही ऐकलीच. आणि सायकलवाल्यानं म्हणायचं, "चाक गं चाक, ऐका माझी हाक!" लहानपणी ही हाक मी इतक्या जोरात द्यायचो की ताईनं माझं नाव चाक्या ठेवलं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आज माझे केस पिकले, दारावर 'पाट्या रंगवून मिळतील' अशी माझीच पाटी लागली, तरी तिच्या तोंडी मी चाक्याच.

आता जे सांगायचं ते सांगतो. एकतीस वर्षं मी ते ताईला सांगितलं नाही.

मी सतरा वर्षांचा होतो. नव्या शाळेत जायचो, लांबच्या. वर्गातल्या दोघांनी एकदा मला वळणावर ओरडताना ऐकलं, आणि मग दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मी दारात दिसलो की मागच्या बाकावरून बायकी आवाजात, "चाक गं चाक!" मास्तरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं तरी, "चाक गं चाक!" सतराव्या वर्षी माणसाला मरणाची नसते एवढी भीती लोकांच्या हसण्याची असते. त्या दुपारी तेच दोघं सायकलवरून माझ्या मागे येत होते, जरा अंतर राखून. वळण आलं. हाक ओठापर्यंत आली, आणि मी ओठ मिटले. घंटी वाजवायचंही सुचलं नाही.

पलीकडे बाबा होते, करडीला घेऊन. तेही त्या क्षणी गप्प होते, कारण त्यांची हाक नुकतीच देऊन झाली होती आणि ते उत्तराची वाट बघत होते. ती हाक मी ऐकली होती. पण मागे हसणारे दोघं होते, आणि मला वाटलं, बाबा आहेत म्हणजे बाजूला झालेच असतील.

मी वळलो तो थेट करडीच्या तोंडासमोर. ती बुजून मागच्या दोन पायांवर उभी राहिली, वळली, आणि बाबा तिच्या आणि बांधाच्या मधे सापडले. त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. मागच्या दोघांनी वळणापाशी काय झालं ते बघितलंच नाही. ते वळणाआधीच फाट्यावरून घराकडे गेले होते. म्हणजे मी ज्यांच्यासाठी गप्प बसलो, ते तिथे नव्हतेच.

बाबांना फळीवर घालून घरी आणलं. दहा माणसं जमली. कुणीतरी मला विचारलं, "हाक नव्हती का दिलीस रे?" मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी बाबाच बोलले. दात आवळून, डोळे मिटून.

"दिली असणार. माझं पोर हाक दिल्याशिवाय वळणावर येईलच कसं? वळणानं गिळली असेल."

माझं उघडलेलं तोंड मी मिटलं.

चूक झाली ती अशी. आमचं घर घोड्यांना नाल मारणाऱ्यांचं. घोडा पारखताना कुणी चूक करत नसे, नाल ठोकताना कुणी चूक करत नसे. पण आपल्या घरातलं कुणी हाक न देता जाईल, ही गोष्ट बाबांच्या डोक्यात शिरलीच नाही. त्यापेक्षा वळणानं हाक गिळली हे त्यांना सोपं वाटलं. आणि एकदा बाबा म्हणाले म्हटल्यावर ताईनं ते गाठीला बांधलं.

करडी विकावी लागली. बुजरी झाली होती, वळण दिसलं की थरथरायची. नेणारा तिला घेऊन निघाला तेव्हा ताई पाणंदीच्या टोकापर्यंत तिच्यामागे चालत गेली. परत आली ती थेट कामाच्या खोलीत शिरली. भाता धरला. कोळसे फुलवले. बाबांचं चामडी आवरण तिला मोठं व्हायचं, तिनं ते कंबरेला दोनदा गुंडाळलं.

"हे बायकांचं काम आहे का?" शेजारची एक बाई म्हणाली.

"घोड्याला विचारून सांगते," ताई म्हणाली.

बाबांना वाकता येईना. ते ऐरणीशेजारी उंच स्टुलावर बसून शिकवायचे, आणि शिकवायचे ते कानानं. अंगणात घोडं फिरवायला लावायचे आणि म्हणायचे, "डोळे मीट. आता सांग, कुठला पाय उशिरा पडतो?" पहिले सहा महिने ताईला काही कळेना. मग एक दिवस ती म्हणाली, "डावा मागचा. आणि तो उशिरा नाही पडत बाबा, तो घाबरत पडतोय." बाबांनीही डोळे मिटले. मग म्हणाले, "आता मी झोपलो तरी चालेल." पुढे नऊ वर्षांनी ते खरंच कायमचे झोपले, आणि शेवटपर्यंत त्यांच्या मनात माझी हाक वळणाच्या पोटात होती.

ताईला काम करताना बघणं हे मला अजून जत्रेहून मोठं वाटतं. ती घोड्याशी आधी बोलते. हात मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पायावर उतरतो, आणि पाय उचलायची वेळ येते तेव्हा घोड्यानं तो आपणहून उचललेला असतो. मग खूर मांडीत घेऊन ती जुनी नाल काढते, चाकूनं खूर तासते, कानशीनं सपाट करते. तापलेली नाल खुरावर क्षणभर टेकवते, धूर होतो, जळक्या केसांचा वास येतो. खिळे ठोकताना तिचा हातोडा बदलत्या सुरात बोलतो. खिळा बरोबर जातोय की आत जिवंत भागाकडे वळतोय, ते ती आवाजावरून ओळखते. एकदा तिनं अर्धा ठोकलेला खिळा उपटून काढला. मी म्हटलं, "काय झालं?" ती म्हणाली, "खोटं बोलला."

मी त्या दिवशी जेवलो नाही.

*

वर्षं गेली. पाणंदीवर डांबर पडलं. मग लोकांच्या फोनमधल्या नकाशाला आमची पाणंद सापडली, आणि मोठ्या रस्त्यावरची गर्दी चुकवायला गाड्या आत शिरू लागल्या. त्यांच्या काचा बंद, आत गाणी. त्यांना कुणाची हाक? शाळेतल्या बाईंच्या सायकलला एका गाडीचा आरसा चाटून गेला. रोज फिरायला जाणारे पेन्शनर काका वळणापाशी बांधावर असे चढून बसायचे की लोक त्यांना घुबड म्हणू लागले. पलीकडच्या तबेल्यात मुलं घोड्यावर बसायला शिकतात. त्यातली एक दहा वर्षांची मुलगी गाडी अंगावर आली म्हणून घोड्यासकट कुंपणात गेली.

तिला ताईच्याच खोलीत आणलं. ताईनं नालेचे खिळे उपटायचा चिमटा धुतला आणि तिच्या पाठीतले काटे काढायला बसली. एकेक काटा. मुलगी रडत नव्हती, पण म्हणाली, "आत्या, मी हाक दिली होती हो. खरंच दिली होती."

ताईचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. तिला माझ्यात तेव्हा काय दिसलं ते मला माहीत आहे, सतरा वर्षांचा एक खरा मुलगा दिसला.

"माहितीय मला, सोन्या," ती मुलीला म्हणाली. "तुझ्याआधीही एकानं दिली होती."

मग माझ्याकडे वळून, "चाक्या, उद्या सकाळी ये. खडू घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तिनं एक मोठी नाल दोरीला बांधून वळणाच्या पलीकडे झाडाला टांगली. तिचा बेत साधा होता. ती हातोड्यानं नालेवर एकेक ठोका देणार, मी या बाजूनं एकेक पाऊल पुढे यायचं, ठोका ऐकू आला तर हात वर करायचा, आणि नाही आला तर रस्त्यावर खडूनं फुली मारायची. पेन्शनर काका बांधावर बसून तिला माझे हात सांगणार. नाहीतरी ते घुबडाच्या जागी होतेच.

"हात वर!" काका ओरडायचे. "वर! वर! नाही! नाही!"

चौदा पावलं. वळणाच्या अलीकडे बरोबर चौदा पावलं अशी, की पाट वाहत असला तर तिथे नालेचा ठणठणीत ठोकाही पोचत नाही. पाण्याचा आवाज, उंच बांध आणि दाट कुंपण, तिघं मिळून त्याला खाऊन टाकतात. पंधराव्या पावलाला ऐकू येतं, पण तेव्हा समोरचा अंगावर आलेला असतो.

ताई आली, माझ्या फुल्या बघत त्या चौदा पावलांवरून सावकाश चालली, आणि शेवटच्या फुलीवर खाली बसली. तिच्या गालांवर पाणी होतं, आणि ती हसत होती.

"म्हणजे बाबा खरं बोलत होते रे. तू इथेच होतास ना?"

मी मान हलवली. हो अशी.

*

पुढचे दहा महिने ताईनं जे केलं ते मी फक्त बघितलं. शाळेच्या खोलीत बैठक झाली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. एक जण म्हणाला, रस्ता रुंद करून टाका.

"रुंद केला की गाड्या आणखी पळतील," ताई म्हणाली. "मला रस्ता रुंद नकोय. मला माणसं सावकाश हवीत."

मग तिनं फळ्यावर पाणंद काढली. बांधात दर शंभर पावलांवर एक खोबण कोरायची, माणूस सायकल घेऊन किंवा घोडं आडवं उभं राहील एवढी. अंगावर गाडी आली तर आत सरायचं, श्वास घ्यायचा. वळणावरचं कुंपण कंबरेपर्यंत छाटायचं. गाड्यांचा वेग बांधून द्यायचा, आणि घोडं दिसलं की इंजिन बंद.

"या खोबणींना म्हणायचं काय?" कुणीतरी विचारलं.

"उसंत," ताई म्हणाली. जणू ते नाव बांधात आधीपासूनच होतं.

दुधाचा टँकर चालवणारा मागे भिंतीला टेकून उभा होता. अंगानं आडवा, तोंडात पान नसतानाही गाल भरलेला. तो म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण एवढं सगळं करण्यापेक्षा घोडी दुसरीकडून न्या की."

"नेते," ताई म्हणाली. "फक्त उद्या सकाळी तू माझ्याबरोबर चाल. घोडी तू धर. तुझा टँकर तुझ्या भावाला आणू दे."

सगळे हसले. आता नाही म्हटलं तर घाबरला म्हणतील, म्हणून तो आला. ताईनं तबेल्यातली सगळ्यात शांत घोडी त्याच्या हातात दिली आणि स्वतः दोन पावलं मागे राहिली. पाणंदीच्या मध्यावर त्याच्या भावानं टँकर आणला, नेहमी यायचा त्याच वेगानं, ना कमी ना जास्त. टँकरवाला लगाम धरून बांधाला चिकटला. घोडी थरारली, ताईनं तिच्या मानेवर हात ठेवला. टँकर गेला. त्याच्या वाऱ्यानं टँकरवाल्याची टोपी कुंपणात जाऊन बसली.

त्यानं टोपी काट्यांतून सोडवली. मग म्हणाला, "ताई, माझी गाडी एवढी मोठी आहे?"

"आतून लहान दिसते," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून तो तिचा माणूस झाला. बाकीच्या गाडीवाल्यांना तोच पाणंदीतून चालवायला न्यायचा, एकेकाला, घोडी धरायला लावून. आणि प्रत्येकाची टोपी, चष्मा नाहीतर ऐट कुंपणात अडकायची.

तोवर मी काय केलं? ताई सांगेल ते. खडूच्या फुल्या पावसानं पुसल्या की पुन्हा मारल्या. आणि वळण आलं की सायकलवरून उतरलो, हातात धरून चालत गेलो. एकतीस वर्षं मी असंच करत आलो. हाक देत नाही, उतरून चालतो. ताई लोकांना सांगायची, "बाबांसाठी उतरतो तो." मी ऐकायचो आणि माझ्या पोटात तो अर्धा ठोकलेला खिळा हलायचा.

शेवटी रस्त्यांच्या कचेरीतून इंजिनिअर बाई आल्या. तरुण, मोजून बोलणाऱ्या, बुटांवर धूळ बसली तरी न झटकणाऱ्या. त्यांनी स्वतः चौदा पावलं चालून बघितली, स्वतःचं घड्याळ वाजवून बघितलं, कागदावर लिहिलं. मग ताईच्या कामाच्या खोलीत चहा घेत फॉर्म भरायला बसल्या.

"पूर्वीचा अपघात, कारणासह," त्यांनी वाचलं. ताईनं तारीख सांगितली. बाईंची लेखणी थांबली.

"हा महिना म्हणजे... पाट साफ करायला बंद ठेवतात ना या महिन्यात? पाणी नसेल तर हाक ऐकू जायला हवी."

 ताईनं कप खाली ठेवला. तिच्यासारख्या कानाच्या बाईनं हे एकतीस वर्षांत मनात आणलं नसेल? मला वाटतं, आणलंच नसेल. बाबांच्या शब्दाला तिनं कधी कानस लावलीच नव्हती.

"मी तेव्हा इथे भात्यापाशी होते," ती बाईंना म्हणाली. "तिथे हा होता. चाक्या, पाणी होतं का रे त्या दिवशी?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, आता सांगितलं तर फॉर्म इथेच थांबेल, दहा महिने वाया जातील, काट्यांनी भरलेली ती पाठ वाया जाईल. मोठं कारण मिळालं की भित्र्या माणसाला किती बरं वाटतं.

"होतं," मी म्हणालो. "थोडं होतं."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "तसं मी आजच्या मोजणीवरच मंजुरी देतेय. जुन्या अपघाताची गरज नव्हती. रकाना होता म्हणून विचारलं."

म्हणजे खोटं बोलायची गरजही नव्हती.

"आणि पाटी," बाई म्हणाल्या. "नेहमीचा मजकूर चालेल ना? पुढे धोकादायक वळण आहे, वगैरे?"

"असल्या पाट्या सगळीकडे आहेत," ताई म्हणाली, "आणि सगळीकडे लोक त्यांच्यासमोरून सुसाट जातात. धोक्याची सवय होते माणसाला. तुम्ही लिहा, 'इथे हाक हरवते. थांबा, बघा.'"

बाईंनी एकदा ते मनात म्हणून बघितलं. मग हसल्या आणि लिहिलं.

"रंगवणार कोण?"

"घरचाच माणूस आहे," ताई म्हणाली.

*

पत्रा घासला, अस्तर दिलं, वाळवला, सूत मारून ओळी आखल्या. या हातानं मी हजारो पाट्या केल्यात. दवाखान्यांच्या, दुकानांच्या, 'कुत्र्यापासून सावध', 'येथे थुंकू नये'. अक्षर खरं की खोटं हा रंगाऱ्याचा प्रश्न नसतो. पण 'हाक' लिहून झालं आणि 'हरवते'पाशी कुंचला अडला.

"अहो, तो 'ह' तिसऱ्यांदा पुसलात," बायको दारातून म्हणाली. "हात कापतोय का?"

"रंग पातळ आहे."

"रंग कधी एवढा पातळ नसतो," ती म्हणाली आणि आत गेली.

पाटी झाली. चांगली झाली. त्या 'ह'च्या पोटात अजून एक पुसट जुना 'ह' दिसतो, पण तो मलाच दिसतो.

काम पुरं झालं त्या सकाळी कसला कार्यक्रम नव्हता. कोरलेल्या उसंती ताज्या मातीच्या वासाच्या होत्या. वळणावरचं कुंपण कंबरेपर्यंत आलं होतं, आणि जिथे एकतीस वर्षं नुसतं हिरवं बघितलं तिथून पलीकडचं शेत, पलीकडची वाट, पलीकडून येणारी माणसं दिसत होती. शाळेतल्या बाई सायकलवरून गेल्या. पेन्शनर काका बांधावरून उतरून चक्क रस्त्यानं चालत होते. टँकरवाल्यानं पाटीपाशी इंजिन बंद केलं, काच खाली केली, मान बाहेर काढून दोन्हीकडे बघितलं, आणि मग सावकाश निघाला. त्या काटे लागलेल्या मुलीनं घोड्यावरून त्याला सलाम केला, त्यानं टोपी काढली.

सगळं ताईचं. ती कुठे मिरवत नव्हती, हातोडा कंबरेला तसाच खोचलेला, एका उसंतीत बसून मातीची कड हातानं सारखी करत होती. मला वाटलं, बाबा वरून बघत असतील तर त्यांना लेकीचा केवढा अभिमान वाटेल. आणि मग वाटलं, लेकाचाही वाटेल, तेच वाईट आहे.

"चाक्या," ताई म्हणाली, "आता एकदा तू कर. मी घोडी घेऊन पलीकडे उभी राहते. तू सायकलवरून ये. उतरायचं नाही. हाक द्यायची."

"आता कशाला? आता दिसतंय ना."

"बाबांसाठी," ती म्हणाली, आणि घोडी घेऊन निघालीसुद्धा.

मी लांबवर गेलो, वळलो, पायडल मारलं. पाटाला पाणी होतं, भरपूर. माझी जुनी फुली, दुसरी, तिसरी.  अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, दारात पाटी असलेला, आणि मला पुन्हा मागच्या बाकावरचं हसू ऐकू आलं. मग कुंपणावरून ताई दिसली. तिचा हात घोडीच्या मानेवर, तिचे डोळे माझ्यावर.

"चाक गं चाक, ऐका माझी हाक!"

असा ओरडलो की बांधावरची पाखरं उडाली. पाण्यानं ते सगळं खाऊन टाकलं. पण ताईनं हात वर केला, घोडीला घेऊन उसंतीत सरली, आणि तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण मला माहीत होतं काय म्हणाली ते.

मी तिच्यासमोर जाऊन उतरलो. घोडीचे कान सैल होते. ताईच्या डोळ्यांत तेच पाणी, खडूच्या शेवटच्या फुलीवर होतं तसं.

"ऐकू नाही आली बघ," ती म्हणाली, "पण दिसली. एकतीस वर्षांनी तुझी हाक दिसली मला. त्या दिवशीही अशीच दिली असशील, नाही का? अशीच हरवली असेल."

तिनं माझ्या गालावर हात ठेवला. कानशीसारखा खरबरीत. घोड्याच्या पायावर ठेवते तसा, आधी सांगून, मग अलगद. मला आठवलं, त्या हातापुढे घोडं पाय आपणहून उचलतं.

"ताई," मी म्हणालो, "त्या दिवशी पाट कोरडा होता. हाक हरवली नव्हती गं. मी दिलीच नव्हती."